स्टुलावरून खाली

तो आला तेव्हा मी स्टुलावर होते, एवढंच माझं नशीब!

लालबागला तात्यांचा, म्हणजे माझ्या काकांचा, गणपतीचा कारखाना आहे. आषाढातली दुपार. ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता आणि मी एका मोठ्या मूर्तीचा मुकुट रंगवत होते. घरच्या गणपतीचा पाट काखेत धरून एक उंच मुलगा आत शिरला. वळले तर — त्याचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर!

"मी विनीत. पाट कुठे ठेवू?"

"ठेव... कुठेही." मुकुटाचा सोनेरी रंग माझ्या नाकाला लागला होता. तो हसला आणि मी कामातून गेले.

मी चार फूट नऊ इंच. तो जाईपर्यंत खाली उतरले नाही. पुढे मूर्ती बघायच्या निमित्ताने तो यायचा आणि त्याची छत्री दिसली रे दिसली की मी स्टुलावर.

"मनवा, तू खाली कधी येतेस गं?"

"तुला काय करायचंय?"

"चहा पाजायचाय."

मग एकदा सोबत वल्लरी आली. त्याच्याच बिल्डिंगमधली. चांगली उंच, वर टाचांच्या सँडल — गरज काय होती? त्याच्या केसांत अडकलेली शाडूची माती तिने सहज काढली. टाचा न उंचावता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"या वर्षी फूटभर मोठी मूर्ती घे ना," ती म्हणाली.

"छे, आमच्या घरी उंची वाढवत नाहीत. आहे तेवढीच."

मूर्तीचं ठीक आहे रे, पण मुलीचं?

त्याच आठवड्यात मी परळच्या एका डॉक्टरांकडे गेले. पायांची हाडं कापायची, आत सळी बसवायची, रोज थोडं थोडं ताणत तीन इंच वाढवायचे. पुढे कित्येक महिने धड चालता येणार नाही.

"नक्की करायचंय?" डॉक्टरांनी विचारलं. डोळ्यांसमोर त्या सँडल आल्या. विसर्जनानंतरची तारीख घेऊनच परतले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी विनीत गणपती न्यायला आला. दारात झांजा घेऊन वल्लरी उभी! मी स्टुलावर.

"आज तरी उतर."

"नको."

"का पण?"

"उतरले की तुझ्या छातीपर्यंतच येईन म्हणून! तिच्यासारखा खांद्याला खांदा नाही लागणार माझा. ऑपरेशन करून घेतेय मी... उंचीचं."

त्याचा चेहराच उतरला. "माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कशाला? — थोडं तुझ्यामुळे."

"वेडी आहेस का? मी तुला आधी खालीच पाहिलंय. समोरच्या गाडीवर वडापाव खात होतीस, मिरचीवरून भांडत होतीस. आमचा मूर्तिकार वडाळ्याचा, आजोबांपासूनचा. त्या दिवशी पाट तिकडेच नेत होतो मी. तू इथे आत शिरलीस आणि... आईने अजून माफ केलेलं नाही मला."

आजोबांपासूनचा मूर्तिकार कोणी असा बदलतं? माझ्यासाठी?

मी उतरले. खरंच त्याच्या छातीपर्यंतच आले. गणपती उचलायचा तर डोकं झाकलेलं हवं. त्याने खिशातली पांढरी टोपी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर, वल्लरीसमोरसुद्धा, वाकला. मी ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"विसर्जन झालं की पाट लगेच आणून देतो. पुढच्या वर्षीसाठी."

"इतक्या लवकर कोण देतं?"

"मी. तेव्हा असशील ना इथे? ह्याच पायांवर?"

दारात झांजा उगाचच एकदा वाजल्या.

"असेन," मी म्हटलं. "पण पाट एकट्यानेच आण."