जावळ सोडल्यानंतरची मापं

उर्वी दुपारी चाळीस मिनिटं झोपते. तेवढ्यात मी उल्हास नदीची वीस वर्षांची मापं संगणकावर चढवते. बाळंतपणानंतर प्रयोगशाळेनं दिलेलं घरबसल्या काम. नायट्रेट, फॉस्फेट, सांडपाण्यातून येतात, जलपर्णी त्यावर पोसते. नमुने दोन ठिकाणचे, कल्याणचा घाट आणि खाली कोपर. दोन्हीकडे रेघ वीस वर्षं चढतच गेलेली.

मार्चमध्ये, सातव्या महिन्यात, उर्वीचं जावळ कल्याणच्या घाटावर काढलं. तिची आत्या येऊ शकली नाही, म्हणून सासूबाईंनी केस कणकेच्या गोळ्यात भरून नदीत सोडायला माझ्याच हातात दिले. मी म्हटलं, इथे नको, इथलाच नमुना घेतात.

"आता तुझ्या प्रयोगशाळेची परवानगी काढायची का?" सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले आणि गोळा सोडला.

दुसऱ्या दिवसापासून उर्वी अंगावर पिईना. बाटली नाही, पेज नाही. दूध पिळून मोरीत ओतायचे, तेव्हा रडू यायचं. वजन मात्र आठवड्याला पाव किलो वाढत होतं. ती काहीच खात नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं.

"कुणीतरी भरवतंय तिला," ते हसून म्हणाले.

कशीही निजवली तरी झोपेत ती गोल फिरायची. तोंड कल्याणच्या बाजूला.

एप्रिलमध्ये कल्याणचं नायट्रेट अर्ध्यावर आलं. मेमध्ये शून्य. नमुने आणणाऱ्या महिपतदादांना फोन करून विचारलं, बाटली नळावर धुतली होती का.

"नाय ताई, तीनदा विसळली, नदीच्याच पाण्यानं." मग म्हणाले, "इथली जलपर्णी पांढरी पडलीय. उपाशी मेल्यासारखी."

त्या दुपारी उर्वी कोपरकडे तोंड करून झोपली.

मी तिला उचलून सरळ करायचे. डोळे न उघडता ती परत वळायची.

काल कोपरचं माप आलं. शून्य.

पुढे नदी नाही, नुसती खारी खाडी.

आज संगणक उघडला नाही. वही घेऊन तिच्या शेजारी आडवी झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे वळून झोपली आहे. पिताना हलायचे तसे ओठ हलताहेत. किती वाट पाहिली होती मी याची.

मी अजून तिला जवळ घेतलेलं नाही.

सकाळी साबण लावूनही माझ्या हातातली ही बांगडी निघत नव्हती. एवढं लिहीपर्यंत ती दोनदा घसरून बोटांवर आली.