शेण न टाकणारे हत्ती

"हत्ती आले, पण शेण परत घरीच विसरले!" भोंग्याच्या वरताण आवाज काढत मघांगा ओरडला.

हत्तींची वर्दी देणारा खांबावरचा भोंगा कोकलत होता आणि गावात कुणी मान वर करून बघेना. नळावरच्या बायका निवांत पाणी भरत राहिल्या. खांब नवा होता तेव्हा याच भोंग्यासरशी सगळं गाव पातेली बडवत धावलं होतं, आणि खरोखरचे हत्ती आल्या पावली परत गेले होते. आता ऑगस्टच्या सुट्टीत तो पोरांच्या चेष्टेचा विषय झाला होता.

सारू मात्र हसली नाही. ती, तिची धाकटी बहीण वाकियो आणि आत्येभाऊ मघांगा मक्याच्या कडेकडेने फिरून आले होते. एक पाऊलखूण नाही की मोडलेलं कणीस नाही.

"सकाळी कधीच कसा वाजत नाही हा?" सारू म्हणाली. "दुपारी वारा सुटला की याचं सुरू."

"हत्तींना जेवल्यावर शतपावली लागत असेल," वाकियो म्हणाली.

तेवढ्यात गावचे चीफ म्वाकाले काठी टेकत आले. खांबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या वेकेसा इंजिनिअरला म्हणाले, "पुरे झालं, बाबा. उद्या खांब उपटा आणि घेऊन जा."

भोंग्यावरचा विश्वास उडाल्यापासून सारूची आई पुन्हा रोज रात्री शेतातल्या मचाणावर राखणीला जाऊन बसत होती. गेल्या वर्षी एका हत्तीने तेच मचाण गदागदा हलवलं होतं. तेव्हापासून आई परत येईपर्यंत सारूला झोप येत नसे. खांब गेला की हे कायमचंच होणार होतं.

खांबाच्या टोकाला एक छोटी डबी होती. ती न दिसणाऱ्या लहरी सोडायची आणि हलत्या वस्तूंवर आपटून परत आलेल्या लहरी ऐकायची. विमानतळावर असतं तसंच रडार, फक्त तळहाताएवढं. तारेने ती वेकेसाच्या संगणकाला जोडली होती.

"डबी तुम्हाला काय सांगते?" सारूने विचारलं.

"हत्ती आहे किंवा नाही. बास."

"पण तिला ऐकू येतं ते सगळं जसंच्या तसं दिसत नाही?" मघांगा शाळेच्या संगणक मंडळात होता, त्याला असल्या चौकशा फार.

"दिसतं की. पण ती कच्ची माहिती धो धो वाहत येते, संगणकाचं पोट फुगतं. पहिल्याच दिवशी बंद करून टाकली मी."

"म्हणजे आपण नुसती मक्याच्या पिठाची शिजलेली उगाली खातोय," सारू म्हणाली, "आत किडके दाणे होते का, ते कुणी बघितलंच नाही. आम्ही चालू करू?"

"करा काय करायचं ते. उद्या उपटायचाच आहे." वेकेसाने कळ दाखवली आणि तो खांब न्यायला गाडी बघायला निघून गेला.

मघांगाने कळ दाबली. पडद्यावर एक रेघ सळसळायला लागली. डावं टोक म्हणजे खांब, उजवीकडे जावं तसं लांबचं. मध्येच एका जागी मोठा उंचवटा थरथरत होता.

"हा बघ तुझा हत्ती. जागचा हलत नाहीये," मघांगा म्हणाला.

"मी शेतात चालत जाते. मी दिसते का बघ."

ती निघाली आणि रेघेवर एक बारकं टेंगूळ उजवीकडे सरकायला लागलं. तिने उडी मारली की टेंगूळही उडायचं! वाऱ्यात हाक पोचेना, म्हणून वाकियो मध्ये उभी राहून निरोप पुढे द्यायला लागली.

"पुढे जा," मघांगा ओरडला. "पुढे जा," वाकियो ओरडली. "अजून जा. जाडे, अजून."

"जाडे मी म्हटलं नव्हतं," मागून मघांगा.

"ते माझ्याकडचं."

सारूचं टेंगूळ उंचवट्याला भिडलं. "थांब!"

सारू थांबली आणि तिने वर बघितलं. समोर त्यांचंच कुंपण होतं. तारेवर पत्र्याच्या पट्ट्या लटकत होत्या. खडखडाटाने हत्ती बिचकावेत म्हणून आईने जुन्या चुलीघराचा पत्रा कापून त्या बांधल्या होत्या, खांब आल्यानंतर. पत्र्याचं काय सांगायचं, म्हणून तिने इंजिनिअरला सांगितलंच नव्हतं. सारूने दोन्ही हातांनी पट्ट्या गच्च धरल्या.

पडद्यावरचा उंचवटा विरघळला आणि भोंगा गप्प झाला. सोडल्या, की पुन्हा कोकलला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

वेकेसा परत आला, तेव्हा तिघांनी त्याला हाच खेळ दोनदा करून दाखवला. तो ओशाळला. "मी नुसता निकाल वाचत बसलो रे," म्हणाला. मग त्याने संगणकाला दिलेली शिकवणी बदलली: जागच्या जागी हलेल त्याला सोड, जवळ सरकेल त्याला धर.

संध्याकाळी पट्ट्या खडखडत होत्या, भोंगा गप्प होता. दिवस मावळता मावळता तो वाजला.

"पत्रा असेल," चीफ म्हणाले.

"नाही," पडद्याला नाक लावून मघांगा म्हणाला, "हा पुढे येतोय, आणि मागून आणखी तीन."

सारूने पातेलं उचललं. तिच्यामागे आई, आईमागे सगळं गाव. मिरच्यांचा धूर झाला, पत्रे वाजले, आणि चार काळ्या पाठी झुडपांत वळून दिसेनाशा झाल्या.

सारूने मग आईला पट्ट्यांचं सांगितलं. आई हसत सुटली. "म्हणजे माझी झोप मीच घालवली होती तर!" तिने मचाणावरची घोंगडी काढून घरी आणली.

सकाळी चीफ दारात आले, मागे वेकेसा आणि निम्मं गाव. चीफनी घसा खाकरला. "या तीन मुलांनी—"

"हळू बोला ना, चीफसाहेब," सारू म्हणाली, "आई झोपलीय."

चीफनी काठी अलगद भिंतीला टेकवली आणि खांब राहणार असल्याचं, आणि या पोरांचा गावाला अभिमान असल्याचं, अख्खं भाषण कुजबुजत केलं. टाळ्यासुद्धा सगळ्यांनी दोन-दोन बोटांनी वाजवल्या.