कवळीच्या पेटीवरचा थेंब

रक्त तपासायच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत एक नियम होता. जो नमुना आणेल त्याने टेबलापाशी उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांनी निकाल बघायचा आणि सही करायची. नियम प्रयोगशाळा चालवणाऱ्या ताईनेच केलेला. अठरा वर्षांत तिच्या निकालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं ते त्यामुळेच, असं तिचं म्हणणं. लोकांच्या मते तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, एवढंच.

मंगळवारी सकाळी दहाला नमुना घेऊन आला तो तिचा धाकटा भाऊ, शहराच्या संग्रहालयातला पहारेकरी. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिथली एक काचपेटी फुटली होती आणि शहराच्या पहिल्या नगराध्यक्षांची कवळी नाहीशी झाली होती. काचेच्या एका तुकड्यावर रक्ताचा थेंब होता आणि धाकट्याच्या बोटाला पट्टी. संशयित तोच. इन्स्पेक्टरना जिना चढायचा कंटाळा, म्हणून त्यांनी पुराव्याचा डबा संशयिताच्याच हाती देऊन पाठवला होता.

बोट दाढीच्या पात्याने कापलं, असं तो म्हणाला.

"मी ती कवळी घेऊन करू काय, ताई? माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत."

रक्त जुळलं तर नोकरी जाणार होती, वर कोठडी. त्याच्या बायकोला सातवा महिना. ताई खोटं लिहिणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

थेंब अजून ओला होता. झाकण घट्ट असेल, असं ताईने मनाशी म्हटलं. चिनीमातीच्या पांढऱ्या पट्टीवर तिने तीन ठिकाणी रक्त घेतलं, त्यांवर 'ए', 'बी' आणि 'डी' ही द्रावणं टाकली, काडीने ढवळलं. ज्यात गुठळ्या होतील त्यावरून गट ठरतो, 'डी'वरून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते. 'बी'मध्ये झाल्या, 'डी'मध्ये झाल्या. बी पॉझिटिव्ह. धाकट्याचाच गट.

"बी तर चिक्कार लोकांचा असतो ना?"

"असतो. पण त्या सगळ्यांची बोटं कापलेली नसतात."

सही मात्र तिने घेतली नाही. संशयिताने आणलेला नमुना चालत नाही, असा नवा नियम तिने जागच्या जागी केला, धाकट्याला घरी पाठवलं आणि इन्स्पेक्टरना फोन लावला.

इन्स्पेक्टर धापा टाकत आले, जिन्याचा राग त्यांनी ताईवर काढला आणि टेबलापाशी उभे राहिले. या खेपेला गुठळ्या 'ए'मध्ये आणि 'डी'मध्ये झाल्या. 'बी' स्वच्छ. ए पॉझिटिव्ह. तुमचा भाऊ सुटला, असं ते मोठ्या मनाने म्हणाले. तेवढ्यात ताईची नजर त्यांच्या ओळखपत्रावर गेली. तिथेही रक्तगट तोच लिहिला होता.

"साहेब, काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"जेवत होतो."

"कुणी पाहिलं?"

इन्स्पेक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तातडीने संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना बोलावलं आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसले. आत पाऊल ठेवायची त्यांची तयारी नव्हती. व्यवस्थापक येताना तक्रार घेऊनच आले. काचा पेटीच्या आत नव्हे, बाहेर पडल्या होत्या, म्हणजे पेटी आतून फुटली होती, हे आपण पहिल्यापासून सांगतोय, पण ऐकतं कोण? ताईने ऐकलं. काडी हातात तशीच ठेवून तिने ते दोनदा सांगायला लावलं. मग ढवळलं.

तिन्ही ठिकाणी गुठळ्या झाल्या.

"एबी पॉझिटिव्ह," ताई म्हणाली.

"फार दुर्मिळ," व्यवस्थापक कौतुकाने म्हणाले. "माझाही तोच." मग त्यांनी बसायला खुर्ची मागितली.

दुपारपर्यंत प्रकरण मिटलं. इन्स्पेक्टरांनी 'नमुना तपासण्याजोगा नाही' असं लिहिलं. कवळी मुळात नगराध्यक्षांची नव्हतीच, असा व्यवस्थापकांना शोध लागला. धाकटा पुन्हा कामावर रुजू झाला. त्याच्या बायकोने फोनवर हसता हसता रडून घेतलं.

डबा न्यायला मात्र कुणी आलं नाही.

तीनदा रक्त घेऊनही काचेवरचा थेंब तेवढाच होता. ताईने नोंदी समोर ठेवल्या. थेंब समोरच्या माणसाचा गट घेतो. हे अशक्य होतं, पण नोंदी तेच सांगत होत्या. तिचा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह, त्यात कशानेच गुठळी होत नाही. म्हणून शेजारच्याचाच तेवढा दिसला. आता ती एकटी होती. म्हणजे तिन्ही ठिकाणं स्वच्छ राहायला हवीत.

दुपारचे चार. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. तिने दाराला कडी घातली.

द्रावणं टाकली. ढवळलं.

'ए' स्वच्छ राहिलं.

'डी' स्वच्छ राहिलं.

'बी'मध्ये हळूहळू बारीक, रेखीव गुठळ्या जमल्या. बी निगेटिव्ह, दिवसभरात आलेल्यांपैकी कुणाचाच नव्हे.

ताईने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त खुर्ची थोडी डावीकडे सरकवली, उजवीकडून बघणाऱ्याला पट्टी नीट दिसावी म्हणून.