सरकलेले देठ

"वहिनी, उद्या अकरा वाजता मी चोर ठरणार आहे," असं म्हणत डिझायनर मुलीने पडद्याचं कापड टेबलावर पसरलं.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींना सगळेच वहिनी म्हणत, पकडले गेलेले चोरसुद्धा. हक्काचे दीर मात्र एकटे भाऊजी. तेच त्यांचे मदतनीस. मेहनतीची कामं त्यांच्याकडे, डोक्याची वहिनींकडे.

कापडभर वेलींची नक्षी होती. मुलीने ती वर्षापूर्वी स्वतःच्या नावावर नोंदवली होती. आता एक पडदे कारखानदार म्हणत होता, नक्षी माझी. तीन वर्षांपूर्वीचं, तारीख घातलेलं पेन्सिलचित्र माझ्याकडे आहे. उद्याच्या सुनावणीत डिझायनर संघाने त्याचं मानलं की तिची नोंदणी रद्द, आणि नावाला कायमचा बट्टा.

"तुझं मूळ चित्र कुठंय?"

"घर बदलताना हरवलं."

"काढलंस कसं?"

"आधी कागदाच्या मधल्या भागात काढलं. मग कागद उभा कापून तुकड्यांची अदलाबदल केली, चिकटवले, आणि मधे आलेली रिकामी जागा भरली. छापताना कापलेल्या कडा शेजारी शेजारी येऊन पुन्हा जुळतात, आणि नक्षी कापडभर सलग चालते."

वहिनींनी कापडावर बोट ठेवलं. "इथे देठ सूतभर सरकलेत."

मुलगी ओशाळली. "चिकटवताना हात हलला. छापून आल्यावर दिसलं. माझा गलथानपणा, कुणाला सांगू नका हं."

जिन्यात भाऊजी कुजबुजले, "कागद नेमका हरवला? वहिनी, कुठेतरी पाणी मुरतंय."

कारखान्यावर पोचताच कारखानदाराने चित्र थाटात पुढे केलं. पिवळट कागद, कोपऱ्यात तारीख.

"कापाकापी, जोडाजोडी काही?" वहिनींनी विचारलं.

"छे! एकच कागद, एकच बैठक, माझा स्वतःचा हात. बघा की पाठपोट."

वहिनींनी बघितलं. कागद खरोखरच अखंड होता. "भाऊजी, देठ बघा जरा."

भाऊजींनी पट्टी लावली. "मधल्या रेषेवर नऊ देठ, नऊही सूतभर खाली सरकलेले. डिट्टो कापडासारखे! म्हणजे पोरीनेच नक्कल मारली की!"

कारखानदार खूश झाला. वहिनींनी त्याला चित्र उद्या संघाच्या कचेरीत आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संघाच्या कचेरीत सचिवांसमोर मुलगी आणि कारखानदार दोघंही हजर होते. वहिनींनी चित्र आणि कापड शेजारी शेजारी ठेवलं.

"हे देठ का सरकले?" त्यांनी कारखानदाराला विचारलं.

"माणसाचा हात आहे, चुकतो."

"एखाद्या देठाला चुकेल. नऊ देठ एकाच सरळ रेषेवर, एकाच बाजूला, सारखेच चुकत नाहीत. चित्र कापून तुकडे वरखाली चिकटवले तरच असं होतं. हिने कापलं होतं. तुमचा कागद तर अखंड आहे, तुम्हीच सांगितलंत. मग कापल्याची खूण आली कुठून? छापलेल्या कापडावरून. तुम्ही कापड गिरवलंत, आणि तिची चूकसुद्धा इमानाने गिरवलीत."

"तक्रार मागे घेतो," कारखानदार शेवटी पुटपुटला.

"अशी नाही," सचिव म्हणाले. "लेखी द्या. खोटी तारीख घातली, तेही लिहा."

भाऊजींनी कान पकडले. "पोरी, मी तुझ्यावर संशय घेतला."

मुलीचं लक्षच नव्हतं. कारखानदाराच्या कबुलीचा, सचिवांच्या सहीचा कागद छातीशी धरून ती व्हरांड्यात पळाली आणि तिने घरी फोन लावला. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदाच मोकळेपणी रडत होती.

"आई, मी चोर नाही गं! लेखी मिळालंय!"

"मग?" पलीकडून आवाज आला. "मला कागद कशाला हवाय? जेवलीस का ते सांग."