सम फ्रेममधलं दार

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी ताईकडे पोचलो, तेव्हा माझ्या पिशवीत एक मोठा पॉवर सप्लाय, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि वीतभरापेक्षा जरा कमी लांबीचा एक पूल होता. पूल म्हणजे दोन ग्राफिक्स कार्डांना वरून जोडणारी कडक पट्टी. ती दोन्ही कार्डांच्या डोक्यावर दाबून बसवली की दोघं मिळून एकच काम वाटून घेतात. मी वीस वर्षं कॉम्प्युटर जोडतोय. गिऱ्हाईक "आपोआप बंद पडतो हो" म्हणालं की मी आधी प्लग बघतो, आणि दहातल्या सहा वेळा तोच सैल निघतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अजून न बांधलेल्या इमारतींतून लोकांना फिरवून आणणं हा तिचा धंदा, कॉम्प्युटरवर, अर्थात. त्या वेळी तिच्याकडे एका डॉक्टरीणबाईंचं काम होतं. म्हाताऱ्या माणसांसाठी बावीस खोल्यांचं निवासस्थान. मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, पॅसेजच्या टोकाला भिंत आणि भिंतीत एक मोठी खिडकी. फिल्म एक मिनिट चाळीस सेकंदांची. सोमवारी सकाळी विश्वस्तांपुढे ती दाखवायची होती आणि ताईचा कॉम्प्युटर प्रत्येक वळणावर अडखळत होता. बरेच महिने तिच्याकडून काम झालं नव्हतं. हे हातचं गेलं असतं तर पुढचं कुणी दिलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"एका कार्डाने भागणार नाही," मी फोनवर सांगितलं होतं. "दुसरं लागेल. आणि तुझ्याच कार्डाचं जुळं लागेल. ते आता बाजारात मिळत नाही."

ती म्हणाली, "घरात आहे ना. त्याचं."

भावजी आठ महिन्यांपूर्वी गेले होते. वारले नव्हते, वारले असते तर निदान रडून मोकळं होता आलं असतं. एका मंगळवारी सकाळी आठ वाजता ताई आंघोळीला गेली, तेव्हा ते कामाच्या खोलीत आपल्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. ती बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी. फोन टेबलावर, पाकीट टेबलावर, चष्मासुद्धा टेबलावर. पोलीस झाले, नातेवाईक झाले, सगळे दवाखाने पालथे घातले. कुठे मागमूस नाही. लोक आपापसांत नाना तर्क लढवायचे आणि ताई समोर आली की हवापाण्यावर बोलायचे.

दोघं त्या खोलीत पाठीला पाठ करून काम करायचे. ती भिंती उभ्या करायची, ते त्यांत उजेड सोडायचे. दोघांची कार्डंही मीच आणली होती, एकाच दिवशी. आठ महिने भावजींच्या कॉम्प्युटरवर चादर होती, तिला कुणी हात लावायचा नाही. त्या शनिवारी ताईने स्वतः ती काढली, घडी केली आणि घडी छातीशी धरून उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली.

आत करड्या लोकरीसारखी धूळ बसली होती. कार्ड काढून मी गॅलरीत नेलं, ब्रशने झाडलं, त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला. मग ताईच्या कॉम्प्युटरमध्ये तिच्या कार्डाच्या खाली, एक खाच सोडून, ते बसवलं.

"मध्ये जागा का सोडलीस?" तिने विचारलं.

"दोघांना हवा लागते. फार जवळ बसवली की एकमेकांना तापवतात."

"म्हणून लग्न नाही केलंस होय रे, छोट्या?"

आठ महिन्यांत तिने केलेली ती पहिली थट्टा. मी हसत हसत पूल दाबून बसवला. कट् असा आवाज आला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा पडद्यावर एकच कार्ड दिसलं. तसं होतं. मी खालचं काढून पुन्हा बसवलं, तेव्हा दोन्ही दिसली. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही एकत्र चालवायची खूण केली आणि ताईने फिल्म लावली. लोण्यातून सुरी जावी तशी ती बावीस खोल्यांच्या त्या घरातून गेली. ताईने टाळी वाजवली.

फक्त शेवटी, पॅसेजच्या टोकाला, चित्र लुकलुकत होतं.

"केबल असेल," मी म्हणालो.

केबल नव्हती. दुसरा मॉनिटर लावला, लुकलुकणं तसंच. दोन कार्डं जोडली की कामाची वाटणी अशी असते: एक कार्ड पहिली, तिसरी, पाचवी अशी विषम चित्रं काढतं आणि दुसरं सम. सेकंदाला तीस चित्रं एकामागून एक सरकतात, म्हणून आपल्याला सलग हालचाल दिसते. जोडीत गडबड असेल तर ती या वाटणीत सापडते. मी फिल्मचे तीन हजार फ्रेम वेगवेगळे सेव्ह केले आणि शेवटचे उघडले.

दोन हजार सातशे एकसष्ट. पॅसेज, टोकाची भिंत, खिडकी.

दोन हजार सातशे बासष्ट. पॅसेज, टोकाची भिंत, बंद दार.

पुढच्या विषम फ्रेममध्ये खिडकी. पुढच्या सममध्ये दार. शेवटपर्यंत तसंच. साधं लाकडी दार, पितळी मूठ, खाली उंबऱ्याशी थोडी झीज झालेली.

"छान दार आहे," मी म्हणालो. "आधीच्या आराखड्यातलं राहून गेलं असेल."

ताई पडद्याच्या इतकी जवळ गेली होती की तिच्या श्वासाने काच धूसर झाली. "तिथे दार कधीच नव्हतं. मी काढलेलंच नाही."

मी फाइल चाळली. तिच्यात सेहेचाळीस दारं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. हे त्यांत नव्हतं. मी कार्डांची अदलाबदल केली, भावजींचं वर, ताईचं खाली. आता दार विषम फ्रेममध्ये आलं. म्हणजे ते भावजींचं कार्ड काढत होतं. मी ताईचं कार्ड काढून घेऊन भावजींचं एकटंच चालवलं. खिडकी. शेवटपर्यंत खिडकीच. पुन्हा पूल जोडला. दार.

कार्डाची स्मृती वीज जाताच पुसली जाते. हे कार्ड आठ महिने विजेशिवाय पडून होतं. मी हे ताईला समजावून सांगितलं. ती मान डोलावत होती, पण ऐकत नव्हती.

"राहू दे तसंच," ती म्हणाली. "उद्या बघू."

मी कार्डं पहिल्यासारखी लावून दिली, भावजींचं खाली, आणि निघालो.

रविवारी दुपारी मी गेलो. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. कामाची खोली भट्टीसारखी तापली होती, दोन्ही कार्डांचे पंखे एका सुरात घोंगावत होते. टेबलावर एक वही होती, पानभर आकडे.

"काल तू गेल्यापासून एकोणसाठ वेळा चालवली," ती म्हणाली. "दर वेळी ते थोडं उघडतं. मी मोजपट्टीने मोजतेय. बघ."

तिने एक फ्रेम उघडला. दार हातभर उघडं होतं. आतून उजेडाची तिरकी पट्टी पॅसेजच्या फरशीवर पडली होती, डावीकडून, खालून, कोवळी.

"हा उजेड कुणाचा आहे सांग," ताई म्हणाली.

मला माहीत होतं. भावजी प्रत्येक घरात तोच उजेड सोडायचे. सकाळच्या आठचा. बाकीचे दुपारचं लख्ख ऊन टाकतात, आणि लोक म्हणतात वा. पण राहायला यावंसं वाटतं ते आठच्या उन्हात, असं ते म्हणायचे.

"ताई, काहीतरी बिघाड आहे. मला अजून सापडला नाही, एवढंच. मी हे कार्ड काढून घेतो. तुझ्या एकट्या कार्डावर रात्रभर चालवून फिल्म होईल."

"एकदा बघू. तू असताना एकदाच."

"नको."

"छोट्या, आठ महिने लोक मला सांगतायत, विसर, पुढे बघ. मी एकदाच बघते म्हणतेय."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी तिच्या शेजारी बसलो.

फिल्म सुरू झाली. दर्शनी दार, स्वागतकक्ष, वळण, पॅसेज. लुकलुकणं सुरू झालं. आता दार सताड उघडं होतं आणि त्यात कुणीतरी पाठमोरं उभं होतं. डावा खांदा जरा खाली पडलेला. भावजी तसे उभे राहायचे.

ताईच्या तोंडून हुंकारासारखा आवाज निघाला.

फिल्म तीन हजाराव्या फ्रेमवर संपते. कॅमेरा खिडकीपासून दहा पावलांवर थांबतो. त्याची वाट ताईने तेवढीच आखली होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा फिरत होता. दोन हजार नऊशे नव्वद. तीन हजार.

तीन हजार दोन.

तीन हजार चार.

फक्त सम आकडे. ताईचं कार्ड थांबलं होतं. दुसरं थांबलं नव्हतं.

कॅमेरा पुढे चालला. नऊ पावलं. आठ.

पाठमोऱ्या माणसाची मान वळू लागली. अगदी सावकाश, नाव घेऊन हाक मारल्यावर वळते तशी.

ताईने हाक मारली नव्हती. तिचे ओठ मात्र हलत होते.

मी टेबलाखाली वाकलो आणि प्लग ओढला.

पंखे थांबले. खोलीत इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला. पडदा काळा होता आणि त्यात आम्ही दोघं दिसत होतो.

"तो वाट बघत होता रे," ताई म्हणाली. "बस् तेवढंच."

मी पूल काढून खिशात टाकला, भावजींचं कार्ड काढून पिशवीत घातलं आणि कॉम्प्युटर पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत तिथेच थांबून एकट्या कार्डावर फिल्म काढायला लावली. तोवर निघालेले सुरुवातीचे हजारभर फ्रेम मी डोळ्यांत तेल घालून तपासले. सगळं जागच्या जागी होतं. ताईने खिचडी केली, मला वाढली, स्वतःही नीट जेवली. निघताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं तू आलास," म्हणाली. मला वाटलं, निवळलं. मी कार्ड दुकानातल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिने मला निरोप पाठवला: फिल्म पाठवली. त्यानंतर तिने फोन उचलला नाही. अकराला मी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आतली कडी लावलेली नव्हती. कॉम्प्युटर चालू होता. खुर्ची जराशी मागे सरकलेली, फोन टेबलावर, चष्मा वहीवर. गॅलरीचं दार आतून बंद. मी तिला सगळ्या खोल्यांतून हाका मारल्या, न्हाणीघरात बघितलं, वेड्यासारखं कपाटही उघडलं.

पुन्हा पोलीस झाले. या वेळी जिन्यात कॅमेरा होता. रविवारी संध्याकाळी मी बाहेर पडताना त्यात दिसतो. सोमवारी मी आत जाताना दिसतो. मधल्या वेळात त्या दारातून कुणीही आलेलं किंवा गेलेलं नाही. साहेबांनी मला ते चार वेळा दाखवलं आणि चारही वेळा माझ्या चेहऱ्याकडे बघत बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. कार्डही दिलं. त्यांच्या माणसाने ते तपासून परत केलं. म्हणाला, उत्तम स्थितीत आहे.

ताई अजून सापडलेली नाही. घराचं वीजबिल मी भरतो. आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडतो.

गेल्या महिन्यात निवासस्थान बांधून झालं आणि डॉक्टरीणबाईंनी मला कचेरीतले कॉम्प्युटर जोडायला बोलावलं. काम झाल्यावर त्यांनी मला पॅसेजमधून फिरवलं. हुबेहूब तसाच. टोकाला भिंत, भिंतीत खिडकी. मी तिच्या चौकटीवर तळहात ठेवून पाहिला. थंड होती.

"तुमच्या ताईंची ती फिल्म आम्ही अजून दाखवतो हं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू झाला. "येणाऱ्या म्हाताऱ्यांना धीर येतो. दोन मिनिटांची तर आहे."

"एक मिनिट चाळीस सेकंद," मी म्हणालो.

"नाही हो, दोन मिनिटं भरते. शेवटी ते जोडपं चालत जातं ना, तिथपर्यंत." त्या जराशा घुटमळल्या. "एक विचारू का? राग मानू नका. ती बाई वळून हाताने कुणालातरी बोलावते, तेवढं कापून देता येईल? बघणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच बोलावतेय. परवा एक आजोबा उठून उभे राहिले."