काटा सत्तरावरून हलेना

आधीच सांगते, हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. कुणाची मनधरणी करायची मला सवय नाही.

माझी सख्खी धाकटी बहीण बेबी. साठी उलटली तरी बेबीच. तिचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, उन्हाळ्याचे दिवस आणि भर दुपार. भुतं फक्त रात्रीच येतात असं वाटणाऱ्यांनी एकदा तिच्या बाहेरच्या खोलीत बसून दाखवावं.

बेबीचा नवरा जहाजावर इंजिनिअर. सगळे त्याला बोटवाले म्हणत. माणूस गेलाय, पण म्हणून खोटं कशाला बोलू? एक नंबरचा खडूस होता. त्याचा जीव एकाच वस्तूत.

सिगारींची पेटी.

आतून देवदाराचं लाकूड. झाकणावर ओलावा दाखवणारा काटा, बाहेरूनही दिसणारा. कोपऱ्यात स्पंज. पेटी बोटीवरही बरोबर जायची. दर रविवारी बोटवाले त्या स्पंजावर थेंबथेंब पाणी सोडायचे. नळाचं नाही हं! त्याने म्हणे बुरशी धरते. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी लागायचं. मग खालच्या सिगारी वर, वरच्या खाली. काटा सत्तरावर हवा. घसरला की सिगारी सुकतात, तडकतात.

आणि बेबी चुकून जवळ गेली तर...

"लांब हो! तुझ्या हाताला कांद्याचा वास येतो."

उभा जन्म तिने हे ऐकलं. तापाने फणफणली तरी ह्याने तिला पेलाभर पाणी दिलं नाही. स्पंज मात्र कधी कोरडा पडला नाही.

मग तो गेला. मला वाटलं, बेबी पेटी उचलून कचऱ्यात टाकेल.

नाही टाकली.

"ताई, पेटी बाहेरच्या खोलीत आहे तिथेच ठेवणार मी," ती फोनवर म्हणाली. "पण पाण्याचा थेंब देणार नाही. सुकू देत मेल्या. तडकू देत. मी रोज बघणार."

"बघ बाई, तेवढीच करमणूक," मी म्हटलं. दोघी पोट धरून हसलो.

पहिला रविवार गेला. काटा सत्तरावर.

दुसरा गेला. काटा सत्तरावर.

बेबीने चिडून स्पंजच काढून फेकला. काटा... सत्तरावर.

बिघडला असेल म्हणून तिने एक सिगार बोटांनी दाबून पाहिली. मऊ. आत्ताच कुणी काळजी घेतल्यासारखी.

आणि मग घरातलं पाणी नाहीसं व्हायला लागलं.

आधी फुलदाणीतलं. मग उशाशी झाकून ठेवलेल्या तांब्यातलं. सकाळी झाकण जागच्या जागी, आत... ठणठणीत कोरडं. खिडकीतली कुंडी रोज पाणी घालूनही वाळली. पिळलेलं फडकं दोरीपर्यंत नेईतो कडक व्हायचं.

घरात उरलं काय? बेबी.

तिचे ओठ फुटले. टाचा चिरल्या.

"ताई, रडायला गेले तर डोळ्यांत नुसती आग होते गं. पाणीच येत नाही."

डॉक्टर म्हणाला, "आजी, भरपूर पाणी पीत जा." शहाणाच लागून गेला! बाई घागरीच्या घागरी रिचवत होती.

शेवटी मी गेले. तिने दार उघडलं आणि... मी ओळखलंच नाही. कातडी तंबाखूच्या वाळक्या पानासारखी. हात हातात घेतला तर चुरचुर वाजला.

माझं डोकं फिरलं. पेटी उचलली, गॅलरीत नेली आणि झाकण सताड उघडून उन्हात आपटली.

"घे! आता बघते कसा राहतोस ओला!"

मागे बेबी काहीतरी बोलायला गेली.

आवाज आला नाही. घशातून फक्त... सुक्या पानांची सळसळ.

तिचा खालचा ओठ उभा चिरला. रक्त आलं नाही.

आणि त्या रणरणत्या उन्हात सिगारींवर... घामासारखे थेंब जमत होते.

मी झाकण लावलं. पेटी आत आणली. बेबी भिंत धरत कपाटापाशी गेली. त्याची शुद्ध पाण्याची बाटली अजून तिथेच होती, तशीच भरलेली. स्पंज नव्हता, म्हणून तिने रुमालाची घडी कोपऱ्यात ठेवली. त्यावर पाणी सोडलं.

टप... टप...

तिच्या डोळ्यांतून तेव्हा कुठे पाणी आलं.

"माझ्याकडे चल राहायला," मी म्हटलं.

"आणि ह्यांनी तिकडूनही ओढलं तर?"

माझ्या जिभेपुढे कुणाचं चालत नाही. त्या दिवशी मात्र मी पिशवी उचलून एकटीच घरी आले.

आता दर रविवारी बेबी पाणी घालते. आधी साबणाने हात धुते. मग वास घेऊन बघते. मग पुन्हा धुते. माझा नुसता संताप होतो.

काल रविवार होता. दुपारी तिचा फोन आला.

"ताई, पाय मुरगळलाय. पाणी घालायला उठलेच नाही."

मी ताडकन उठून बसले. "ओठ फुटले का?"

"नाही गं. आज अगदी बरं वाटतंय."

"आणि काटा?"

"इथून दिसतोय. सत्तरावर."

मी फोन ठेवला. माझ्या डाव्या तळहाताला, पेटी धरली होती तिथेच, एक बारीक भेग दिसली. असेल भांडी घासून. घसा कोरडा पडला होता, म्हणून टेबलावरचा पेला तोंडाला लावला.

काहीच आलं नाही.

फोन वाजायच्या आधी मी तो पेला काठोकाठ भरला होता. आणि मी विसरभोळी नाही.