कावेरीची बस

कोल्हापूरच्या त्या लहानशा थिएटरात चित्रपट संपला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या नीलाक्षी दाभोळे मात्र उठून तडक मॅनेजरच्या खोलीत गेल्या. मागोमाग त्यांची मुलगी शाल्मली.

"मुजावर, हा माझा चित्रपट नाही. माझी कावेरी बसमधून उतरत नाही."

पन्नासेक वर्षांपूर्वी ही कावेरी नीलाक्षीबाईंनीच साकारली होती. कावेरी सासर सोडून एकटीच एसटीत बसते. नवरा हाका मारत बसमागे धावतो, ती वळूनही बघत नाही. बस घाटात दिसेनाशी होते. त्या शेवटावरून तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! आज पडद्यावर बस थांबली होती. तरुण नीलाक्षी त्याच चेहऱ्यानं, त्याच आवाजात "चला घरी" म्हणत खाली उतरली होती.

इर्शाद मुजावर ओशाळले. "बाई, हा अनुस्पंद पडदा आहे. खुर्चीच्या हातावर प्रेक्षकाचा तळवा टेकलेला असतो ना, तिथून त्याची नाडी आणि घाम मोजला जातो. बहुतेकांना मनातून जे हवं असेल, तसं पुढचं दृश्य संगणक तिथल्या तिथे रचतो. हा चित्रपट कुठेही लावा, बस थांबतेच."

"ती जावी असं कुणालाच वाटत नाही?"

"लोक फार एकटे झालेत, बाई. कुणीतरी परत यावं असं वाटतं त्यांना."

"मग मला एकटीला दाखवा. मी जाऊ देईन तिला."

बाईंना खात्री होती. चित्रपटानंतर वर्षभरातच त्यांनी स्वतःचाही संसार सोडला होता. सहा वर्षांची शाल्मली वडिलांपाशी राहिली. नाटकं, दौरे, भाड्याच्या खोल्या. हवं तसं त्या मनमुराद जगल्या. पस्तावल्याचं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

रिकाम्या थिएटरात शेवटचा भाग पुन्हा सुरू झाला. बाईंनी दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर घट्ट दाबले. बस सुटली. नवरा धावू लागला. कावेरी समोर बघत होती. मग तिची मान हळूहळू वळली, आणि तिनं हात वर करून घंटीची दोरी ओढली.

दिवे लागले तरी बाई उठल्या नाहीत.

"यंत्रच चुकलं असेल," मुजावर म्हणाले.

दाराशी उभी असलेली शाल्मली पुढे आली. "आता मी बसते."

बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पडद्यावर नवरा धावला, ओरडला, ठेचकाळला. बस थांबली नाही. वळणावर ती दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली आणि रिकामा रस्ता उरला. मूळचाच शेवट, जसाच्या तसा.

"तू मला थांबवलं नाहीस?" बाईंनी विचारलं.

"लहानपणी रोज मनातल्या मनात थांबवायचे, आई. शाळेतून आले की फाटकात उभी राहायचे."

"आणि मग?"

"मग मोठी झाले." शाल्मलीनं आईचा हात धरला. "चल, पायरी आहे, जपून."

तिचा हात उबदार होता. बाई पायरीवरच थबकल्या. मुलीनं आपल्याला मोकळं केलं होतं, की आपली वाट बघणंच सोडून दिलं होतं?